चौतीस मेलबॉक्स, एक जुनं मशीन आणि मेलकाऊ: दीड वर्ष वापरल्यानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. कामाला माणसं दीडशे, त्यातली कॉम्प्युटरवर बसणारी चौतीस. २०११ साली मी इथं स्टोअरच्या एंट्री मारायला लागले. पुढं कुणाचा प्रिंटर अडला की "ताई, जरा बघा की" असं होत होत ईआरपी, कॅमेरे, नेटवर्क आणि मेल हे सगळं माझ्याकडे आलं. कॉम्प्युटरची डिग्री माझ्याकडे नाही. जे येतं ते वाचून, रात्री बसून, करून बघून शिकले. छोट्या ऑफिसचं नेटवर्क एकट्यानं सांभाळणारी माझ्यासारखी माणसं बरीच असतील, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. मेलकाऊ म्हणजे आपल्याच मशीनवर मेल सर्व्हर उभा करून देणारं फुकट सॉफ्टवेअर.

आमच्या धंद्यात मेल चुकला की गाडी चुकते. गिऱ्हाइकाचं महिन्याचं शेड्यूल मेलवर येतं, बदललेलं ड्रॉइंग मेलवर येतं. कास्टिंगची गाडी पुण्यात गेटवर लागली आणि त्या हीट नंबरचं, म्हणजे धातू वितळवलेल्या त्या खेपेचं, टेस्ट सर्टिफिकेट मेलवर पोचलं नसेल, तर माल उतरवून घेत नाहीत. डिस्पॅचच्या मामांचा फोन येतो, "ताई, मेल गेला न्हाई म्हनत्यात, गाडी उभी हाय." त्या वेळी सर्व्हर कुठल्या कंपनीचा, फुकट की विकतचा, याच्याशी मामांना काही घेणं नसतं.

दहा वर्षं आम्ही एचमेलसर्व्हर वापरला. विंडोजवर चालणारा, फुकट, मार्टिन क्नाफवे नावाच्या प्रोग्रॅमरनं लिहिलेला. त्याचं मी मनापासून कौतुक करते. आमच्या डोमेनचे, म्हणजे इंटरनेटवरच्या आमच्या नावाचे, मेलबॉक्स एका होस्टिंगवाल्याकडे, त्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर, होते आणि ऑफिसमधला हा सर्व्हर दर पाच मिनिटांनी तिथले मेल पॉप थ्री या मेल उतरवून घ्यायच्या पद्धतीनं ओढून आणून ज्याच्या त्याच्या खात्यात टाकायचा. ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये पाठवलेलं ड्रॉइंग बाहेर न जाता क्षणात पोचायचं. इंटरनेट हळू होतं त्या काळात ही फार मोठी सोय होती.

पण या मांडणीतली खरी कमजोरी मला जुलै २०२१ च्या पुरात कळली. पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, शिरोलीजवळ रस्ता बंद झाला, फौंड्री बंद, ऑफिसचं मशीनही बंद. चार दिवस मेल ओढायला कुणी नव्हतं, म्हणून ते होस्टिंगवरच साठत राहिले. तिथं दर मेलबॉक्सला जागा होती ५०० एमबी. परचेसचा मेलबॉक्स तिसऱ्या दिवशी भरला आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मेलला तिथून थेट नकार जायला लागला. ऑगस्टचं शेड्यूल त्यात गेलं. पाठवणाऱ्या साहेबांना बाउन्स, म्हणजे मेल परत आल्याचा निरोप, मिळाला असणार, पण दिवसाला शंभर मेल येणाऱ्या माणसानं तो बघितला नाही. नऊ दिवसांनी त्यांचा फोन आला, माल कुठंय म्हणून. मालक मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्या रात्री मी मेल नक्की कसा प्रवास करतो ते मुळापासून वाचलं आणि एक गोष्ट कळली, जी मला कुणीतरी दहा वर्षं आधी सांगायला हवी होती. तुमचा सर्व्हर बंद असेल, लागतच नसेल, तर समोरचा सर्व्हर मेल टाकून देत नाही. तो आपल्या रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळातच पाच दिवसांची ठेवलेली असते, आणि एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पद्धतीचा, नियमही चार-पाच दिवस थांबा असंच सांगतो. म्हणजे त्या पुरात आमचे मेल थेट आमच्याच बंद पडलेल्या मशीनकडे यायला निघाले असते, तर वीज आल्यावर सगळे मिळाले असते. भरलेल्या मेलबॉक्सनं मात्र "जागा नाही" असं ठामपणे सांगितलं आणि मेल परत गेला. मेल आपल्या दारातच यायला हवा, हे मी तेव्हाच ठरवलं. प्रत्यक्ष बदल करायला मात्र दोन वर्षं गेली.

बदल टाळता येणार नव्हता, कारण एचमेलसर्व्हरचं नवीन काम थांबलंय. आतला टीएलएसचा, म्हणजे वाटेत मेल कुणी वाचू नये म्हणून असलेला, भाग जुना आहे, आणि बाहेरच्या जगासाठी पोर्ट, म्हणजे ये-जा करायचे दरवाजे, उघडून बसलेल्या मशीनवर दुरुस्ती न होणारं सॉफ्टवेअर ठेवायचं मला पटेना. आतल्या आत, नेटला न जोडता वापरणाऱ्याची गोष्ट वेगळी.

दर महिना दर माणशी पैसे घेणाऱ्या सेवा मी आधी बघितल्या, आणि त्या वाईट आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. दर माणशी महिन्याला दीडशे रुपये धरले तरी चौतीस जणांचे वर्षाला ६१,२०० होतात. आमच्याकडे यातले वीस जण दिवसाला पाच मेलसुद्धा बघत नाहीत. मोल्डिंगच्या सुपरवायझरला शिफ्टचा रिपोर्ट पाठवायला आणि पॅटर्न शॉपला ड्रॉइंग बघायला मेलबॉक्स हवा, बस्स. मालकांनी विचारलं, "दुसरा रस्ता आहे का?" मी दिवाळीची सुट्टी मागून घेतली, म्हणजे सुट्टीत ऑफिसला येण्याची परवानगी.

२०२३ ची दिवाळी. फर्नेस बंद, कंपाउंडमध्ये वॉचमन आणि मी. स्टोअरमध्ये पडून असलेलं सहा वर्षांचं मशीन, फौंड्रीच्या नावावर घेतलेलं पण न वापरलेलं एक जादा डोमेन आणि आमच्या फायबरवाल्याकडून घेतलेला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटचा पत्ता. एवढ्यावर तीन सॉफ्टवेअर लावून बघितली.

पहिलं मेल-इन-अ-बॉक्स. जोशुआ टॉबरर यांनी सुरू केलेला हा प्रकल्प. कोऱ्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) एक आज्ञा द्यायची आणि मेल, ब्राउझरमध्ये मेल बघायचा वेबमेल, नावावरून आयपी सांगणारा डीएनएस, सर्टिफिकेट सगळं एका झटक्यात उभं. त्याला रॅम फारच कमी लागते, पाचशे बारा एमबीतही ते चालतं. पण माझ्या मशीनवर ते सुरूच झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. ते आधी तपासतं की तुमचा आयपी स्पॅमहाउस या संस्थेच्या, ज्यांचे मेल घेऊ नयेत अशा पत्त्यांच्या यादीत आहे का, आणि बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट उघडं आहे का. आमचा आयपी स्टॅटिक असला तरी घरगुती ग्राहकांच्या पट्ट्यातला, त्यामुळे यादीत. पोर्ट बाहेरच्या बाजूनं बंद. त्यानं स्पष्ट सांगितलं आणि थांबलं. मला राग आला नाही, उलट पुढं महिनाभर जे कोडं सोडवत बसले असते ते दहा मिनिटांत कळलं. डेटा सेंटरमध्ये भाड्याचा सर्व्हर घेणार असाल, मेलबॉक्स आठ-दहा असतील आणि सगळं त्याच्या पद्धतीनं चालवायची तयारी असेल, तर हेच घ्या.

दुसरं आयरेडमेल. मेल पोचवणारं पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट, स्पॅम ओळखणारं स्पॅमअसॅसिन, वेबमेलचं राउंडक्यूब अशी वर्षानुवर्षं घासून पुसून तयार झालेली सॉफ्टवेअर एका स्क्रिप्टनं नीट जोडून देतं. चार जीबी रॅममध्ये व्यवस्थित चालतं. त्यात ग्रेलिस्टिंग आधीपासून चालू असतं. म्हणजे अनोळखी सर्व्हरकडून मेल आला की पहिल्यांदा "थोड्या वेळानं या" म्हणायचं. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅमवाला बहुतेक वेळा येत नाही. कल्पना सुंदर आहे. पण आमच्या गिऱ्हाइकाच्या सप्लायर पोर्टलचा ओटीपी मेलवर येतो, तो चाचणीत वीस मिनिटांनी आला. ओटीपी दहा मिनिटांत मरतो. ग्रेलिस्टिंग बंद करता येतं, केलंही. अडचण आली ती दुसरीकडे. आमच्याकडे सेल्स, परचेस, क्वालिटी, डिस्पॅच असे एकाच पत्त्यावर चार-पाच जणांना मेल जाणारे बरेच पत्ते आहेत. फुकट मिळणाऱ्या पॅनेलमध्ये हे एलियास माउसनं करता येत नाहीत, डेटाबेसमध्ये हातानं आज्ञा द्यावी लागते, नाहीतर वार्षिक परवान्याचं मोठं पॅनेल विकत घ्यायचं. मी आज्ञा देऊ शकते. मी रजेवर असताना कोण देणार?

तिसरं मेलकाऊ, आणि आम्ही त्यावरच थांबलो.

मेलकाऊत आतली मंडळी बरीचशी तीच आहेत, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट. स्पॅमसाठी आरस्पॅमडी, वेबमेल आणि कॅलेंडरसाठी सोगो. फरक हा की हे सगळं डॉकरच्या, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळं ठेवून चालवणाऱ्या सोयीच्या, वेगवेगळ्या डब्यांत बंद असतं. एक डबा बिघडला तर तेवढाच पुन्हा सुरू करायचा. लिनक्स लागतंच, विंडोजवर याच्या नादी लागू नका. मी त्यातलं डेबियन घातलं. सुरुवातीची स्क्रिप्ट फक्त सर्व्हरचं नाव आणि वेळेचा विभाग अशा दोन-तीन गोष्टी विचारते. मग डबे उतरायला लागतात, आमच्या फायबरवर अर्धा तास गेला असेल. पॅनेल उघडलं की गाय दिसते. पहिला पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असलेला आहे, तो त्याच मिनिटाला बदला. चहा प्यायला जाऊ नका.

त्याला रॅम मात्र भरपूर लागते. किमान सहा जीबी आणि वर एक जीबी स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर डिस्कवर वापरायची जागा, असं ते स्वतःच सांगतात. आमच्या मशीनला चारच होती. व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही एकटाच एक जीबीहून जास्त खातो. तो बंद ठेवायची सोय आहे, पण आमच्याकडे परचेसला रोज "इन्व्हॉइस" नावाच्या झिप फाइली येतात, म्हणून मी तो बंद केला नाही. शाहूपुरीतून सेकंडहँड रॅम आणून मशीन सोळा जीबीचं केलं, तेव्हापासून एकदाही ओढाताण झालेली नाही.

आता ज्या दोन गोष्टींत माझा सगळ्यात जास्त वेळ गेला त्या सांगते, कारण सॉफ्टवेअर कुठलंही घेतलं तरी त्या तुमच्या वाट्याला येणारच.

पहिली, मेल बाहेर पाठवणं. ऑफिसच्या फायबरवरून थेट मेल पाठवला तर समोरचे मोठे सर्व्हर तो घेत नाहीत किंवा स्पॅममध्ये टाकतात. आयपीचा उलटा पत्ता, म्हणजे पीटीआर, आपल्या डोमेनच्या नावावर लागतो आणि छोट्या इंटरनेटवाल्यांकडून तो लावून घेणं कठीण. मी हट्ट केला नाही. येणारे मेल थेट आमच्या मशीनवर, जाणारे मेल एका पैसे घेणाऱ्या रिले सेवेमार्फत, म्हणजे आपले मेल तिच्या सर्व्हरवरून पुढं पाठवणाऱ्या सेवेमार्फत. मेलकाऊमध्ये रूटिंगच्या पानावर रिलेचं नाव, युजर, पासवर्ड भरायचा आणि तो आपल्या डोमेनला जोडायचा, बस. महिन्याला सातशे रुपये जातात. मामांची गाडी गेटवर अडकली नाही की मला ते वसूल वाटतात.

रिले घेतला म्हणून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सुटत नाहीत. मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे समोरच्याला पटवणाऱ्या या डीएनएसमधल्या तीन नोंदी. आम्ही सुरू केलं त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ पासून, गुगलनं जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलं. मी तिन्ही लावली होती. डीकेआयएमची किल्ली मेलकाऊ स्वतः बनवून देतं, ती डोमेनच्या पॅनेलमध्ये चिकटवायची. मी चिकटवली, चाचणी नापास. पुन्हा चिकटवली, पुन्हा नापास. दोन दिवस गेले. मग ती अक्षरं कागदावर छापून, बोट ठेवून दोन्हीकडची जुळवली. पॅनेलनं शेवटचा तुकडा गुपचूप कापला होता. डीएनएसच्या एका ओळीत २५५ च्या वर अक्षरं बसत नाहीत आणि २०४८ बिटांची किल्ली त्याहून लांब असते. दोन तुकडे करून, दोन अवतरणचिन्हांत टाकल्यावर दहा मिनिटांत पास झाली. जीमेलमध्ये मेलचा मूळ मजकूर उघडून तिन्ही ठिकाणी "पास" वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वॉचमनमामांनाच सांगितलं, दुसरं कोणी नव्हतं.

याच ओघात एक. फोनवर मेल घेणाऱ्यांची तक्रार आली की घरी चालतं, ऑफिसच्या वायफायवर चालत नाही. कारण ऑफिसच्या आतून सर्व्हरचं नाव विचारलं तरी उत्तर बाहेरच्या आयपीचं येत होतं आणि आमचा राउटर बाहेर जाऊन परत आत वळत नव्हता. राउटरच्या डीएनएसमध्ये त्या नावापुढं आतला पत्ता लिहून दिला, सुटलं. याचा फायदा नंतर कळला. रस्त्याच्या कामात फायबर तुटली त्या दिवशी ऑफिसमधले आपापसातले मेल दिवसभर चालू होते.

दुसरी गोष्ट बॅकअप. ही मात्र नीट वाचा.

मी सुरुवातीला हुशारीनं काम केलंय असं समजत होते. रोज रात्री मेलचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी व्हायचा. सकाळी आकडे बघायचे, बरोबर. सात महिने असं चाललं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पाऊस वाढला, नदीची पातळी रोज व्हॉट्सॲपवर यायला लागली आणि मला २०२१ आठवलं. म्हटलं, एकदा खरंच परत उभं करून बघू. एचमेलसर्व्हरचं जुनं मशीन रिकामं केलं, लिनक्स घातलं, कॉपी केलेल्या फोल्डरमधली एक फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली. आधीच्या अनुभवावरून मला वाटलं होतं की वर कुणाकडून, कुणाला, विषय, तारीख आणि खाली मजकूर दिसेल. दिसलं काय, तर सुरुवातीला इंग्रजी मोठ्या अक्षरांत "क्रिप्टेड" एवढा एक शब्द आणि पुढं नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं, कचरा. दुसरी फाइल उघडली, तेच. तिसरी, तेच. हात गार पडले माझे.

मेलकाऊ डिस्कवर मेल कुलूप लावून ठेवतं. त्याची किल्ली वेगळ्या जागेत, डॉकरच्या वेगळ्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, असते. मी सात महिने तिजोरी उचलून नेत होते आणि किल्ली जाग्यावर ठेवत होते. त्या काळात मूळ मशीनची डिस्क गेली असती तर चौतीस माणसांचा एकही मेल परत मिळाला नसता. चूक माझी. मेलकाऊबरोबर बॅकअपची स्वतःची स्क्रिप्ट येते, ती मेल, किल्ल्या, डेटाबेस, स्पॅमचं शिकलेलं ज्ञान, सेटिंगची फाइल, सगळं एकत्र घेते, आणि माहितीपत्रकात ते लिहिलेलंही आहे. मी माझ्या सवयीच्या पद्धतीवर विसंबले. आता तीच स्क्रिप्ट रोज रात्री दोनला चालते आणि तिची एक प्रत आठवड्याला मालकांच्या घरी, ताराबाई पार्कात जाते. किल्ली त्याच प्रतीत असते म्हणून त्या डिस्कला मी वेगळा पासवर्ड लावलाय. नदीचं पाणी तिथं येत नाही.

वापरणाऱ्यांचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली. जुने मेल आणणं सोपं गेलं, मेलकाऊच्या सिंक जॉबमध्ये होस्टिंगवरच्या मेलबॉक्सचा पत्ता आणि पासवर्ड भरला की ते रात्रभर ओढत राहतं. एचमेलसर्व्हरवरचे जुने मेलही आयमॅप या फोल्डरसकट मेल बघायच्या पद्धतीनं तसेच आणले. अकाउंट्सच्या ताईंचे अकरा वर्षांचे मेल होते, तीन रात्री लागल्या, एकही फोल्डर हरवला नाही. सोगोचा वेबमेल साधा आहे, दिसायला फार देखणा नाही, पण मराठी विषय आणि मराठी नावाच्या फाइली नीट दिसतात. कॅलेंडरमध्ये क्वालिटीवाल्यांनी गेजच्या कॅलिब्रेशनच्या तारखा टाकल्यात, ते मला अपेक्षितच नव्हतं.

स्पॅम खूप कमी झाला. याचं एक कारण मला उशिरा कळलं. स्पॅमहाउसची फुकट यादी सार्वजनिक डीएनएसमधून विचारली तर नीट उत्तर देत नाही. मी जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं ती यादी लावून ठेवली होती आणि राउटरला डीएनएस सार्वजनिक दिला होता, म्हणजे उपयोग शून्य. मेलकाऊ स्वतःचा डीएनएस सोबत घेऊन येतं, त्यामुळे हे आपोआप सुटलं. अडवलेले मेल क्वारंटाइनमध्ये जातात आणि ज्याचे त्याला यादीत दिसतात. मामांना मी एवढंच शिकवलंय, मेल आला नाही वाटलं की आधी तिथं बघायचं आणि मग मला फोन. आता फोन महिन्यातून एखादा.

नवीन आवृत्ती आली की अपडेटची स्क्रिप्ट चालवायची. मी लगेच चालवत नाही. आठवडाभर थांबते, आधी बॅकअप, मग शनिवारी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर. दीड वर्षात एकदा अपडेटनंतर वेबमेल उघडेना, तो एक डबा पुन्हा सुरू केला आणि काम झालं. मेल तोपर्यंतही येतच होते.

मोठ्या फाइलींचं दुखणं मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरनं सुटत नाही. मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते. वीस एमबीचं ड्रॉइंग वाटेत सत्तावीसचं होतं आणि प्रत्येक सर्व्हरची स्वतःची मर्यादा असते. आपल्या सर्व्हरवर मर्यादा कितीही वाढवा, समोरचा घेईल तेवढंच जातं. पंधरा एमबीच्या वर असेल तर लिंक पाठवा, असा कागद मी डिझाइनच्या खोलीत भिंतीवर लावलाय.

खर्चाचा हिशेब मालकांना दिला तो इथं देते. रॅम ३,२००. आरशासारख्या एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या दोन एसएसडी मिळून ११,०००. यूपीएसची बॅटरी २,४००. हे एकदाच. दरवर्षी स्टॅटिक आयपीचे २,५०० आणि रिलेचे ८,४००. सॉफ्टवेअरचे शून्य. यात माझे तास धरलेले नाहीत आणि ते धरायला हवेत. सुरुवातीला पंधरा दिवस रोज रात्री, आता महिन्याला तीन-चार तास. तुमच्याकडे दहाच माणसं असतील आणि रात्री बसणारं कोणी नसेल, तर सरळ दर माणशी पैसे देऊन सेवा घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तीसच्या पुढं माणसं, त्यातली निम्मी थोडा वापर करणारी, एक जबाबदार माणूस आणि वीज-नेट बऱ्यापैकी, अशी जागा असेल तर मेलकाऊ मी डोळे झाकून सुचवेन.

राहिला मी रजेवर असतानाचा प्रश्न, ज्याच्यासाठी आयरेडमेल सोडलं. त्यासाठी मी दोनशे पानी वहीत मराठीत सगळं लिहून काढलंय. मशीन कुठलं, बटण कुठलं, कुठली आज्ञा, काय दिसलं की बरोबर. गेल्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी अकाउंट्सच्या ताईंना वही दिली, जुन्या मशीनसमोर बसवलं आणि म्हटलं, बॅकअपमधून सगळं उभं करा, मी बोलणार नाही. त्या सहाव्या पायरीला अडकल्या. पेनड्राइव्ह कुठं दिसतो ते मी लिहिलंच नव्हतं, मला ते हातानंच होत असल्यामुळे सुचलंच नाही. मी ती ओळ तिथंच वहीत घातली, त्या पुढं गेल्या. दीड तासानं त्यांनी स्वतःच्याच मेलबॉक्समध्ये २०१४ चा एक मेल शोधून उघडला, बँकेच्या पहिल्या कर्जमंजुरीचा. तो त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला, मग वही बंद केली आणि स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.